छपराबद्दल, आणि शिडीबद्दल

ती. बाबा आणि आई,
सा. न.

आईने फोनवर सांगितलं तेव्हापासून एकच चित्र डोळ्यांपुढून हलत नाही. वादळाची रात्र सरते न सरते तोच बाबा शिडीवर, वासा ओला, पाय सरकलेला, आणि हात रिपेला अडकला म्हणून निभावलं. बाबा, तुम्ही मला यातलं अवाक्षर बोलला नाहीत. रागावून लिहीत नाहीये. पण छपराचं काम आता आणखी एक पावसाळा पुढे ढकलायचं नाही. गेला महिनाभर मी वाचतेय, छपराची कामं करणाऱ्या दोघा-तिघांशी बोललेय, आणि जे कळलं ते सगळं लिहून पाठवतेय. फोनवर तुम्ही "बघू" म्हणता आणि विषय तिथेच संपतो.

आधी कौलांचं, कारण तुमचा जीव त्यांत आहे. माझाही आहे. शाकारणीच्या दिवशी मी खालून एकेक कौल वर द्यायचे आणि तुम्ही ते बसवण्याआधी बोटाच्या पेराने वाजवून बघायचात. खणखणलं की जागेवर, बद्द वाजलं की बाजूला. तडा डोळ्यांना दिसायच्या आधी तुमच्या कानाला कळायचा. आणि उन्हाला कौलासारखं दुसरं काही नाही हेही खरंच. माती सावकाश तापते, सांध्यांमधून गरम हवा वर निघून जाते, खारी हवा कौलाला गंजवू शकत नाही.

पण वाऱ्याचं गणित मी आजवर चुकीचं धरून चालले होते. वारा छपराला दाबतो असं मला वाटायचं. प्रत्यक्षात तो आढ्यावरून वाहताना छप्पर वर ओढतो, आणि ही ओढ कडांना, कोपऱ्यांना आणि आढ्यापाशी सगळ्यात जास्त असते. वेग दुप्पट झाला की जोर चौपट होतो. ताशी १४४ किलोमीटरच्या वाऱ्याचा दाब चौरस मीटरला १०० किलोच्या आसपास जातो. कौलांचं वजन तेवढ्याच जागेत ४०-४५ किलो, आणि आपलं प्रत्येक कौल रिपेवर नुसतं टेकलेलं. त्या रात्री आढ्याजवळची आणि कोपऱ्यातली कौलं उडाली, मधली जागची हलली नाहीत, त्याचं कारण हेच. कौलं तारेने किंवा स्क्रूने जखडता येतात, आणि तशी जखडलेली छपरं वादळात टिकतातही. पण मग एक तडकलेलं कौल बदलायचं तर तार सोडवायला कुणीतरी वर चढायलाच हवं. आपल्या घरात ते कुणीतरी म्हणजे तुम्ही, बाबा. कौलांविरुद्ध माझं खरं म्हणणं एवढंच आहे.

आई, तू स्लॅबचं म्हणालीस. वारा स्लॅब उचलू शकत नाही, हे कबूल. पण चार इंची स्लॅब म्हणजे चौरस मीटरला २५० किलो, आणि आपल्या भिंती हलक्या छपरासाठी बांधलेल्या. शिवाय समुद्राच्या हवेतलं मीठ काँक्रीटमधून आतल्या सळ्यांपर्यंत पोचतं, सळई गंजून फुगते आणि खालचं प्लास्टर ढपल्या-ढपल्यांनी सुटतं. ते दुखणं आपल्याला नको.

राहिला पत्रा. तुम्ही दोघं नाक मुरडणार हे माहीत आहे, तरी पुढचं वाचा.

साधा जस्ताचा पत्रा आपल्याकडे फार टिकणार नाही. मी म्हणतेय तो ॲल्युमिनियम आणि जस्त यांच्या मिश्रणाचा थर दिलेला, वरून रंगवलेला पोलादी पत्रा. त्या थरात ५५ टक्के ॲल्युमिनियम असतं, जवळपास उरलेलं सगळं जस्त आणि थोडं सिलिकॉन. जस्त स्वतः झिजून पोलादाला वाचवतं आणि ॲल्युमिनियम ती झीज मंदावतं. हा थर किती जाड आहे ते विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही. दोन्ही बाजू मिळून चौरस मीटरला किमान १५० ग्रॅम हवा, आणि बिलावर तसं लिहून घ्यायचं. पत्र्याची जाडी अर्ध्या मिलिमीटरपेक्षा कमी नको. रंग चढला की पातळ आणि जाड पत्रा सारखाच दिसतो, म्हणून रंग बघून काहीही ठरवू नका. घर अगदी लाटांच्या तुषारांत असतं तर मी सरळ ॲल्युमिनियमचा पत्रा म्हटलं असतं. आपण तेवढे जवळ नाही.

पण पत्रा म्हणजे नुसता पत्रा नव्हे. अर्ध्या मिलिमीटरचा पत्रा चौरस मीटरला जेमतेम चार-पाच किलोचा, म्हणजे कौलांच्या दहाव्या हिश्श्याइतका. वाऱ्यापुढे वजनाचा त्याला काही आधार नाही. तो टिकतो तो फक्त स्क्रूंच्या जोरावर. आणि स्क्रू ज्या लाकडात बसले ते लाकूड वाशाला, वासा भिंतीला घट्ट बांधलेला असला पाहिजे, नाहीतर पत्रा सुटणार नाही, सगळं छप्परच एकसंध उडेल. म्हणून पत्रा चढायच्या आधी प्रत्येक वासा लोखंडी पट्टीने भिंतीत अडकवून घ्यायचा. कडेच्या आणि आढ्याजवळच्या पट्ट्यात प्रत्येक उंचवट्यावर स्क्रू हवा. मधे एक सोडून एक चालेल, असं मला सांगणारे सगळेच म्हणाले.

स्क्रूखाली काळ्या रबराची चकती असते. ती मी हातात घेऊन बघितली. नीट आवळली की धातूच्या टोपीखाली किंचित फुगून बसते. जास्त आवळली की बाहेर लोंबते आणि दोन उन्हाळ्यांत फाटते, कमी आवळली की पहिल्याच पावसात गळते. एवढ्याशा चकतीवर आईची गादी कोरडी राहणार की नाही ते ठरतं. त्यात पत्रा रोज उन्हाने लांबतो आणि रात्री आखडतो. सहा मीटरच्या पत्र्यात ५० अंशांच्या फरकाने साडेतीन मिलिमीटरची हालचाल होते. छप्पर संध्याकाळी कडकडतं ते यानेच, आणि तिरपा बसलेला स्क्रू यानेच सैल पडतो.

आणखी एक. पत्रे कापायला ग्राइंडर लावू द्यायचा नाही. त्याच्या तापलेल्या ठिणग्या थरावर चिकटतात आणि प्रत्येक ठिणगीच्या जागी गंजाचा ठिपका उठतो. माझ्या इथल्या भाड्याच्या घरावर असे ठिपके रोज बघते, म्हणून इतकं बजावून सांगतेय. पत्र्याच्या कात्रीने कापायचं, आणि कीस त्याच दिवशी झाडून काढायचा. पत्रे लावायला सुरुवात पावसाळी वारा जिकडून येतो त्याच्या उलट्या टोकाकडून करायची, म्हणजे एकमेकांवर चढलेल्या कडांचं तोंड वाऱ्याकडे राहत नाही.

आई, आता तुझे दोन प्रश्न. उकाडा आणि आवाज. दोन्ही रास्त आहेत, आणि नुसत्या पत्र्याखाली तुला झोपायला लावण्यापेक्षा मी हा विषयच सोडून देईन. रंग पांढरट घ्यायचा. गडद छप्पर बहुतेक सगळं ऊन पिऊन टाकतं, पांढरं त्यातलं बरंचसं परत पाठवतं. पत्र्याखाली उष्णतारोधक थर, त्याखाली मोकळी जागा, आणि मग लाकडी फळ्यांचं छत. वळचणीतून हवा आत आणि आढ्याखालून बाहेर, अशी वाट ठेवायची. दोन्हीकडे बारीक जाळी, पाखरं शिरू नयेत म्हणून. पावसाचा ताशा हाच थर आणि फळ्या मिळून बराच मवाळ करतात. अगदी कौलांइतका शांत पाऊस मिळणार नाही, हे तुला आत्ताच सांगते.

मागच्या पडवीवरचे जुने सिमेंटचे पत्रे हा यातला सर्वांत काळजीचा भाग. "फोडून टाकू, तासाभराचं काम" असं एक जण मला म्हणाला. त्याला तिथे हात लावू द्यायचा नाही. त्यांत ॲस्बेस्टॉस आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने ते माणसाला कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात ठेवलंय. ते तंतू डोळ्यांना दिसत नाहीत, आणि त्यांचा आजार कित्येक दशकांनी वर येतो. पत्रा अखंड आहे तोवर धोका कमी, फुटला की धूळ उडते. म्हणून तो प्रकार माहीत असलेल्या माणसांकडून, पाणी मारून ओला ठेवून, न फोडता उतरवायचा. त्या दिवशी तुम्ही दोघं घरी नसाल. माझ्याकडे या.

पत्र्यालाही थोडं बघावं लागतं, नाही असं नाही. वरचं मीठ पाऊस धुऊन काढतो, पण वळचणीखालच्या बाजूला पाऊस पोचत नाही आणि गंज तिथूनच सुरू होतो. उन्हाळ्यात दोन-तीनदा अंगणात उभं राहून नळीने तेवढा भाग गोड्या पाण्याने धुवायचा. बाबा, हे काम तुमचं. पाय जमिनीवर ठेवून होतं, म्हणूनच मला हा पत्रा पटला.

पावसाच्या आधी पंधरा दिवसांची सुट्टी मी टाकलीय. वासे बांधताना आणि पहिल्या दिवशी स्क्रू बसताना मी तिथे असेन. तोवर तुटलेल्या जागांवर ताडपत्री घालायला माणसं बोलवा, तुम्ही चढू नका. आणि कौलं उतरली की फेकायची नाहीत. अंगणात बसून एकेक वाजवून घ्या. खणखणीत वेगळी, बद्द वेगळी. मी कौलं तुमच्या हातात देत जाईन.

तुमची,
लेक