फायबरच्या फोनला बॅटरी द्या

मा. संपादक,

आमच्या इंदिरानगरात तांब्याच्या तारेवरचे लँडलाइन काढून फायबरवरचे फोन घेतलेली घरे आता बरीच आहेत. नंबर तोच, ०२५३ हा नाशिकचा कोड तोच, टेबलावरचा फोनही तोच. त्यामुळे घरातल्या म्हाताऱ्या माणसांना वाटते, काहीच बदललेले नाही. प्रत्यक्षात फार मोठी गोष्ट बदलली आहे आणि जोडणी द्यायला येणारा माणूस ती सांगत नाही.

जुन्या फोनला लागणारी वीज एक्स्चेंजमधून त्याच तारेने घरात यायची, साधारण ४८ व्होल्ट. एक्स्चेंजमध्ये बॅटऱ्या असत. म्हणून गल्लीत अंधार झाला तरी रिसीव्हर उचलला की टोन यायचा. फायबरमधून येतो तो फक्त प्रकाश. भिंतीवरच्या छोट्या पेटीत आवाजाचा डेटा होतो, त्याचे तुकडे इंटरनेटच्या वाटेने पुढे जातात, आणि ही पेटी चालते घरच्या विजेवर. वीज गेली की पेटीवरचे दिवे विझतात आणि फोन मुका होतो.

गेल्या पावसाळ्यात एका रात्री वीज गेली आणि शेजारच्या एकट्या राहणाऱ्या आजींना दम लागला. मोबाइलचे चार्जिंग संपलेले. त्या अंधारात चाचपडत फोनपर्यंत गेल्या, तर टोनच नाही. भिंत धरत आमच्या दारापर्यंत आल्या, म्हणून निभावले.

तांब्याच्या तारेचे गोडवे मला गायचे नाहीत. सांध्यात पाणी शिरले की नुसती खरखर, आणि परगावी फोन, म्हणजे एसटीडी, लावायची तर सवलतीच्या दरासाठी रात्र होण्याची वाट पाहायची. आज परदेशातल्या नातवंडांशी तासभर बोलता येते ते इंटरनेटमुळेच. पण अडीअडचणीला फोन लागलाच पाहिजे.

उपाय आवाक्यातला आहे. राउटरसाठी, म्हणजे अशा पेटीसाठी, १२ व्होल्टचे छोटे यूपीएस (वीज गेल्यावर बॅटरीतून वीज देणारे यंत्र) बाजारात मिळतात. ब्रिटनमध्ये ज्यांची सारी भिस्त लँडलाइनवर आहे, त्यांना वीज गेल्यावरही किमान तासभर आपत्कालीन कॉल करता येईल अशी सोय कंपनीने द्यावी, असे तिथल्या ऑफकॉम या नियामक संस्थेने सांगितले आहे. आपल्याकडच्या ट्राय या दूरसंचार नियामक संस्थेनेही तसा नियम करावा. तोवर कंपन्यांनी जोडणी देतानाच ‘वीज गेल्यावर हा फोन चालणार नाही’ असे मराठीत लेखी द्यावे, आणि एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांच्या घरी बॅटरीशिवाय पेटी बसवू नये.

– एक वाचक, इंदिरानगर, नाशिक