जरा हळू

प्रिय सोन्या,

काल फोनवर म्हणालास ना, झोप येत नाही म्हणून रात्री कानात हेडफोन घालून पार दमेपर्यंत पळतोस, ते ऐकून पोटात तुटलं रे. फोनवर मला धड बोलता येत नाही, म्हणून लिहितोय.

आई गेली त्याला आता पाचवा महिना. आयसीयूबाहेरच्या पॅसेजमध्ये मी 11 दिवस फेऱ्या मारल्या, किती चाललो असेन देव जाणे, पण त्यातलं एक पाऊल आठवत नाही. घरी आल्यावरही तेच, हॉल ते किचन, किचन ते गॅलरी. मग एकदा चपलांच्या रॅकमध्ये तिचे वॉकिंगचे बूट दिसले, सोलच्या खाचांमध्ये वेताळ टेकडीची माती तशीच वाळलेली. ते मांडीवर घेऊन बराच वेळ बसलो आणि दुसऱ्या दिवशी टेकडीवर गेलो.

तुला माहितीये, मी कायम दहा पावलं पुढे आणि मागून तिचं "अहो, जरा हळू". त्या दिवशी पायात बळच नव्हतं म्हणून हळू चाललो, आणि खाणीपर्यंत येईतो लक्षात आलं की ही तर तिची चाल आहे. तिथेच दगडावर बसून रडलो. लोक जात-येत होते, जाऊ देत.

तेव्हापासून रोज जातो. काही विशेष करत नाही, टाच टेकली, मग तळवा, मग बोटं, एवढंच बघायचं, श्वास आत घेताना दोन-तीन पावलं होतात, सोडताना एखादं जास्त. मन मधेच हॉस्पिटलच्या फाइलीत जातं, बिलात जातं, आपण आधी का नाही नेलं तिला इथे तर हमखास जातं, मग परत पायाकडे यायचं. ओढून नाही हां, लहान मुलाचं बोट धरून आणतो तसं. माझा एक मित्र इगतपुरीला विपश्यनेला जाऊन आलाय, तो म्हणाला हे बुद्धाच्या उपदेशात, सतिपट्ठान सुत्तातच आहे, भिक्खू चालत असताना 'मी चालतोय' हे जाणतो. आणि फ्रान्समध्ये 1982 साली प्लम व्हिलेज सुरू करणारे व्हिएतनामचे भिक्खू थिक न्हात हान, तेही असंच चालायला शिकवायचे, कुठे पोचायचं म्हणून नाही. मला तर आपली आजी आठवली. आजोबा गेले त्या वर्षी ती वारीला गेली, आळंदी ते पंढरपूर साधारण 250 किलोमीटर, एसटी असताना पायी.

दुःख कमी झालं असं मी म्हणणार नाही, झालेलं नाही. पण ते छातीवर बसायचं, आता शेजारून चालतं. सध्या गिरिपुष्प फुललंय, सगळा उतार गुलाबी झालाय, तिला फार आवडायचं, आणि ते बघताना मला नुसतं रडूच येत नाही आता, बरंही वाटतं.

झोपेसाठी डॉक्टरांकडे मात्र जा, चालणं म्हणजे औषध नव्हे.

रविवारी माझे संध्याकाळचे साडेपाच म्हणजे तुझा म्युनिकचा दुपारचा एक. मी टेकडीवर निघतो, तू इसारच्या काठाने निघ, हेडफोन घरी ठेव, अर्धाच तास. आल्यावर कॉल कर. आणि कानटोपी घाल, आईने विणलेली.

तुझा,
बाबा