पिवळ्या पाण्याला नुसता दिवा पुरत नाही : पाणीपुरवठा मंत्र्यांना खुले पत्र

मा. पाणीपुरवठा मंत्री महोदय,

सादर नमस्कार. पहिला पाऊस धरणात उतरला आणि गेल्या आठवड्यात आमच्या नळाला पुन्हा चहाच्या रंगाचे पाणी आले. मार्चमध्ये जलशुद्धीकरण केंद्रावर अतिनील किरणांचे संयंत्र बसले, तेव्हा यंदा पाणी पिवळे येणार नाही, असा शब्द भर सभेत दिला गेला होता. मी तीस वर्षे रसायनशास्त्र शिकवले. हा शब्द पाळता येणार नाही, हे मी तेव्हाच लेखी कळवले. उत्तर आले नाही.

हा रंग गाळाचा नाही. कुजलेल्या पाचोळ्यातून विरघळून आलेल्या ह्युमिक आणि फल्विक आम्लांचा तो आहे. जंतू मारण्यासाठी अतिनील किरणांची चौरस सेंटिमीटरला ४० मिलिजूल मात्रा धरतात. तेवढ्याने ही आम्ले तुटत नाहीत, उलट तीच जंतू मारणारा २५४ नॅनोमीटरचा अतिनील प्रकाश गिळतात. पाणी हा प्रकाश किती शोषते ते सांगणारा शोषणांक सेंटिमीटरला ०.३ झाला, की एका सेंटिमीटरमध्येच निम्मा प्रकाश संपतो, म्हणजे जंतूही नीट मरत नाहीत. आम्ले तोडायला कितीतरी पट मात्रा आणि सोबत हायड्रोजन पेरॉक्साइड लागते. नेदरलँड्समध्ये आंडाइक येथे २००४ साली तशी योजना झाली, तीही पुढे सक्रिय कार्बनच्या गाळण्या ठेवून, कारण आम्लांचे तुटलेले तुकडे जंतूंचे खाद्य होतात.

आमच्याकडे मात्र टीसीएल, म्हणजे क्लोरीन देणारी ब्लीचिंग पावडर, वाढवले गेले. क्लोरीन आणि ही आम्ले एकत्र आली, की क्लोरोफॉर्मसारखी संयुगे तयार होतात, हे १९७४ पासून जगाला ठाऊक आहे. भारतीय मानक १०५०० प्रमाणे क्लोरोफॉर्मची मर्यादा लिटरला ०.२ मिलिग्रॅम आहे. आमच्या पाण्यात ते किती, हे माहितीच्या अधिकारात विचारले, तर ‘माहिती उपलब्ध नाही’ एवढेच कळले.

माझी ८१ वर्षांची आई वासामुळे पेला तोंडाला लावत नाही. गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेली असताना मी वीस लिटरचे जार तीन मजले चढवतो, महिन्याला अठराशे रुपये मोजतो आणि पाणीपट्टीही भरतो. ज्यांना जार परवडत नाही, त्यांच्या घरी तान्ह्या मुलालाही हेच पाणी मिळते. कच्चे पाणी न तपासता यंत्राची निविदा निघतेच कशी? कंत्राट यंत्र पुरवण्याचे असते, शुद्ध पाणी देण्याचे नसते. म्हणून यंत्र बसले की देयक निघते आणि पाण्याला कुणीच जबाबदार राहत नाही.

पावसाळाभर रोज जार टेस्ट (भांड्यांतल्या नमुन्यांत तुरटीची वेगवेगळी मात्रा टाकून पाहण्याची चाचणी) घेऊन तुरटीची मात्रा आणि पाण्याचा सामू (पीएच) जुळवला, तर यातली बरीचशी आम्ले क्लोरीनच्या आधीच खाली बसतात. त्याला नवे यंत्र लागत नाही, जाणकार केमिस्ट लागतो. ते पद याच महिन्यात भरा, आणि क्लोरोफॉर्मचा तपासणी अहवाल नगरपरिषदेच्या फलकावर लावायला सांगा.

आपला,
एक पाणीपट्टीधारक