पाताळकोटातली एक रात्र

नागपूर, 22 डिसेंबर

प्रिय बंड्या,

पाताळकोटाच्या दरीत जाऊन आलो, त्याबद्दल फोनवर तू "कसं झालं बे?" विचारलंस आणि मी "भारी" एवढंच म्हणालो. तेव्हा छिंदवाड्याच्या बसमध्ये दांड्याला लटकून उभा होतो, त्याच्याहून जास्त बोलायची ताकद नव्हती. आज रविवार, गुडघ्यांना तेल लावून झालंय, आता सवडीनं लिहितो. शेवटी तुझ्या इथल्या, नागपूरच्या बेसा भागातल्या फ्लॅटचाही विषय आहे, तेव्हा अर्ध्यात सोडू नको.

जायचं कसं ते तुला माहीतच आहे. सावनेर, सौंसर, सिल्लेवानीचा घाट, सव्वाशे किलोमीटरवर छिंदवाडा, आणि तिथून तामिया आणखी 50-55. सौंसरपर्यंत तर मध्य प्रदेशात आल्यासारखं वाटतच नाही. टपरीवाला मराठीत भांडतो आणि रस्त्याच्या कडेला आपल्यासारखेच संत्र्यांचे ढीग. तामियाहून जीप केली, छिंदीवरून पाताळकोटाच्या वरच्या रातेडच्या कड्यापर्यंत.

कड्यावर उभं राहिलं की पायाखाली जमीनच संपते. घोड्याच्या नालेसारखी वळलेली दरी, हजार-बाराशे फूट सरळ खाली. 79 चौरस किलोमीटरात 12 गावं, दुधी नदी त्यांच्यामधून नर्मदेकडे जाते. गंमत बघ, याच छिंदवाडा जिल्ह्यात कन्हान आणि पेंच उगम पावतात आणि आपल्या नळाला येतात, पण या दरीतलं पाणी मात्र आपल्याकडे पाठ फिरवून उत्तरेला. कड्यावर चिप्सच्या पाकिटांचा खच पडलेला, तो मी फोटोत येऊ दिला नाही. म्हणजे मीही त्यातलाच.

खाली उतरायला लागलो आणि दहाव्या मिनिटाला उजव्या बुटाचा सोल निघाला. सहा वर्षं कपाटात ठेवलेले बूट, डिंक केव्हाचाच मेला होता. सोल मगरीच्या जबड्यासारखा उघडझाप करायचा. सोबतचे दोघं पोट धरून हसत होते. आमच्यासोबत गावातले एक दादा होते, त्यांच्याच घरी मुक्काम. ते काही बोलले नाहीत. बाजूच्या झाडावर चढलेल्या माहुलाच्या वेलीची साल कोयत्यानं ओढून काढली, दातात धरून तिच्या पट्ट्या केल्या, मांडीवर वळल्या आणि बूट असा आवळला की पायाचं रक्त थांबतं की काय वाटलं. "चलो," म्हणाले. त्यांच्या स्वतःच्या पायात रबरी चप्पल आणि डोक्यावर आमच्यासाठी घेतलेलं पंधरा किलो सामान.

तू पाठवलेल्या व्हिडिओत सांगतात ना, की इथं ऊन दुपारचे काही तासच पोचतं? सगळ्या गावांचं तसं नाही, पण आमचं घर पश्चिमेच्या भिंतीला चिकटून होतं. पावणेचारला अंगणात सावली आली आणि लगेच थंडी. वर कड्यावर मात्र पुढचा दीड तास पिवळं ऊन. खाली बसून दुसऱ्याचा दिवस बघत बसायचं.

जेवायला मक्याची जाड भाकर, निखाऱ्यावर भाजलेल्या टमाटरची पाट्यावर वाटलेली चटणी आणि कुटकीचा भात. पहिला घास घेतला आणि म्हटलं, अरे, ही तर भगर! आई एकादशीला करते तीच. आणि वर उडदाची दाळ ओतलेली. माझा आयुष्यातला पहिला उपास असा मोडला. दादांच्या बायकोला, वहिनींना, सांगितलं की आम्ही ही फक्त उपासाला खातो, तर त्यांना वाटलं की मी चेष्टा करतोय. "मग बाकीच्या दिवशी काय खाता?"

आता मुद्द्याचं. व्हिडिओखाली तू लिहिलं होतंस, "नागपूरच्या इतक्या जवळ जगापासून तुटलेली माणसं!" दरीत राहणारे हे भारिया आदिवासी सरकारी कागदावर म्हणजे बैगा आणि सहारियांसोबत मध्य प्रदेशातल्या तीन विशेष मागास जमातींपैकी एक, त्यामुळे मीही तेच डोक्यात घेऊन गेलो होतो. चुलीजवळ बसल्यावर दादांनी विचारलं, नागपुरात कुठं राहता? मी म्हटलं, मानेवाड्याकडे. तर म्हणाले, मग बेसा जवळच. तिथं दोन हिवाळे काढले होते त्यांनी, बिल्डिंगच्या कामावर, पत्र्याच्या खोलीत. सातव्या माळ्यापर्यंत विटा चढवल्या. बिल्डिंगचं नाव आठवेना, पण समोर हनुमानाचं मंदिर आणि कोपऱ्यावर रसवंती. बंड्या, मंदिर आणि रसवंती! वहिनींना नागपूर म्हणजे फक्त मेडिकल, ते सरकारी हॉस्पिटल, ठाऊक. सासूला घेऊन अठरा दिवस वॉर्डाबाहेरच्या व्हरांड्यात झोपल्या होत्या. कुठल्या दारातून आत गेलं की चहा स्वस्त, ते मला त्यांनी समजावलं. तुटलेलं कोण आहे रे? मी इतकी वर्षं नागपुरात राहून इथं पहिल्यांदा आलो.

मी विचारलं, बिल्डिंग पूर्ण झाल्यावर आत जाऊन बघितली का? "काय बघायचं, आम्हीच तर बांधली," म्हणाले आणि लाकूड पुढं सारलं.

मग राजाच्या गोष्टी निघाल्या. रावणाचा मेघनाद इथूनच पाताळात गेला म्हणतात. आणि भोसल्यांचा राजा इंग्रजांना चुकवून इथल्या एका खोहात, म्हणजे गुहेत, लपला होता म्हणे. खोहाचं मी काही सांगू शकत नाही, पण 1817 च्या सीताबर्डीच्या लढाईनंतर आप्पासाहेब भोसले पुढच्या वर्षी इंग्रजांच्या कैदेतून निसटले आणि याच बाजूच्या महादेवाच्या डोंगरात गोंडांच्या आसऱ्याला राहिले, हे खरं. म्हणजे इथं जीव मुठीत धरून येणारा पहिला नागपूरकर मी नाही.

पहाटे साडेचारला धप्, धप् आवाजानं जाग आली. वहिनी उखळात कुटकी कांडत होत्या. दाणा मोहरीपेक्षा थोडासाच मोठा, त्याचं फोलपट निघेस्तोवर कांडायचं, सुपात पाखडायचं, परत कांडायचं. मी हौसेनं मुसळ घेतलं. पन्नासपर्यंत मोजलं असेल, अर्धे दाणे अंगणात. कोंबड्या खूश. वहिनींनी तोंडाला पदर लावला. रात्री मी दोनदा भात मागून घेतला होता, ते आठवून मुकाट बाजूला झालो.

वर चढायला आम्हाला तीन तास लागले. दादांची मुलगी शाळेच्या दप्तरासकट मध्येच आम्हाला ओलांडून गेली, ते सविस्तर लिहीत नाही.

त्यांनी चारोळी दिलीय, पावशेरभर, "बेसावाल्या दोस्ताला" म्हणून. पैसे घेतले नाहीत. आईकडे ठेवलीय, संक्रांतीला आलास की घेऊन जा. आणि येशील तेव्हा सोसायटीच्या ऑफिसात बघ जरा, काम कोणत्या साली झालं ते.

बूट काल सीताबर्डीच्या चांभाराकडे नेला. त्यानं साल ओढून बघितली, रापी लावली, मग थांबला. "हे कुठून बांधून आणलं? मी शिवतो, पण हे कापत नाही," म्हणाला. सोल शिवला आणि साल तशीच ठेवली.

तुझा,
पिंट्या