वही आईकडं फिरवणाऱ्या साहेबांना

सप्रेम नमस्कार साहेब,

तुमचं नाव इथं लिहीत नाही. सरकारी नोकरीत चांगलं काम केल्याचाही कधीकधी त्रास होतो, हे मला माहीत आहे. कोल्हापुरातल्या ज्या अभिलेख कक्षात तुम्ही बसता, तिथल्या लोकांना हे कुणासाठी लिहिलंय ते बरोबर कळेल. घरी आल्यापासून आईचं एकच चाललंय, "त्या साहेबास्नी चार ओळी लिही." म्हणून लिहितेय.

तुम्हाला आमची अर्धीच गोष्ट माहीत आहे. आजोबा वारल्यावर जमिनीला वारस नोंद झाली, तिच्यात फक्त मामांची नावं लागली. आई आणि मावशी कुठंच नाहीत. लेक ही बापाची वारस असते, १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यापासून ती पहिल्या वर्गातली वारस आहे. २००५ च्या दुरुस्तीनं तर वडिलोपार्जित मिळकतीत तिला मुलाइतकाच जन्मापासूनचा हक्क दिला. मग नाव गेलं कसं? सातबाऱ्यावर फेरफाराचा, म्हणजे जमिनीवरची नावं बदलल्याच्या नोंदीचा, नंबर तेवढा दिसतो. नोटीस कुणाला बजावली, जबाब कुणी दिला, हे सगळं जुन्या गठ्ठ्यात. तेवढेच कागद आम्हाला बघायचे होते.

आधी ज्या कचेरीत गेलो तिथं आईला पहिला प्रश्न आला, "कशाला पाहिजेत तुम्हाला हे कागद?" माहिती अधिकार कायद्याच्या कलम ६ मध्ये स्वच्छ लिहिलंय की अर्जदाराला कारण विचारायचं नाही. त्याच कलमात हेही आहे की ज्याला लिहून देता येत नाही, त्याचं तोंडी म्हणणं लिहून घ्यायला माहिती अधिकाऱ्यानं मदत करायची. आईनं स्वतःच्या हातानं लिहिलेला, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावलेला अर्ज त्यांनी टेबलावरनं परत सरकवला. टाईप करून आणा म्हणाले. टाईप करून नेला तर पोच द्यायला तयार नाहीत. शेवटी पोच मिळाली, तीस दिवसांची मुदत उलटून गेली आणि उत्तर आलं, "सदर अभिलेख आढळून येत नाही." माहिती कधी नाकारता येते ते कलम ८ आणि ९ मध्ये दिलंय. कागद सापडत नाही, हे कारण त्यात कुठंही नाही. आईनं ते उत्तर घडी घालून पिशवीत ठेवलं आणि बसस्टॉपपर्यंत एक शब्द बोलली नाही. त्या माणसांवरचा माझा राग अजून गेलेला नाही, आणि तो जावा असंही मला वाटत नाही.

अपिलात काय झालं ते सांगत बसत नाही. तिथनं तुमच्याकडं आलो, एवढंच. सोमवार होता. सोमवारी दुपारी तीन ते पाच अभिलेख बघायला मिळतात, तसा २०१८ चा शासन निर्णय आहे, हे मी वाचून आले होते आणि भांडायच्या तयारीनंच आले होते. भांडायची वेळ तुम्ही येऊच दिली नाही. गठ्ठा निघाला, लाल फडकं सुटलं, त्यात तो जबाबही होता, जो म्हणे आढळून येत नव्हता.

पण साहेब, हे पत्र गठ्ठा सापडला म्हणून नाही. तुम्ही फेरफाराची वही उघडली, पान काढलं, आणि उठून ती वही आईच्या बाजूला फिरवलीत. एवढंच केलंत. आत्तापर्यंत प्रत्येक टेबलावर वही त्यांच्याकडं तोंड करून असायची आणि आम्ही समोरनं माना वाकड्या करून उलटी अक्षरं लावायचो. ते बोट ठेवून सांगणार तेवढंच आम्हाला दिसायचं. तुम्ही वही फिरवलीत, आईला खुर्ची पुढं ओढून दिलीत आणि म्हणालात, "मावशी, तुम्हीच वाचा की सावकाश. घाई नाही काय." आणि खरंच घाई केली नाहीत. आई चौथी शिकलेली. तिनं एकेक अक्षर लावत आजोबांचं नाव मोठ्यानं वाचलं. मग जबाब वाचला. "मला हिस्सा नको" असं तिच्या नावानं लिहिलेलं, आणि खाली अंगठा.

आई म्हणाली, "म्या कवाच अंगठा लावत न्हाई. मला सही येतीया."

तुम्ही त्यावर काहीही मत दिलं नाहीत, तेही बरोबरच होतं. फक्त कोरा कागद तिच्यापुढं ठेवलात आणि म्हणालात, "नकलेच्या अर्जावर सही करा मग." तिनं केली. पूर्ण नाव, माहेरच्या आडनावासकट.

शाहू महाराजांनी १९१७ साली या संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं. चौथी शिकलेल्या बाईला स्वतःच्या नावावर लिहिलेलं खोटं वाचता यावं, याहून त्या शिक्षणाचा मोठा उपयोग मला सुचत नाही. पण वाचता येऊन काय करायचं, जर वहीच कुणी समोर धरली नाही? कायदा आहे, उशीर केला तर दिवसाला अडीचशे आणि जास्तीत जास्त पंचवीस हजारांचा दंड आहे, माहिती आयोग आहे. हे सगळं असूनही त्या आधीच्या टेबलावर आई भीक मागायला आल्यासारखी उभी होती. तुमच्यासमोर ती स्वतःच्या जमिनीचे कागद बघायला आलेली बाई होती. कायदा दोन्हीकडं एकच, पगारही थोड्याफार फरकानं तोच असणार. फरक माणसाचा. अशी माणसं कचेऱ्यांमधनं आहेत, त्यांच्याविषयी कुणी लिहीत नाही, बदलीच्या यादीतच काय ती त्यांची नावं येतात. त्यांच्या जिवावरच आमच्यासारखे लोक पुन्हा कचेरीची पायरी चढतात.

नकला घ्यायला आलो तेव्हा आईनं गुळाची ढेप आणली होती. तुम्ही हात जोडून नको म्हणालात. तिला वाईट वाटलं नाही, उलट गावभर सांगत सुटलीय.

आता फेरफारावरचं अपील प्रांताधिकाऱ्यांकडं दाखल केलंय. हक्क सोडायचा तर नोंदणी केलेलं हक्कसोडपत्र लागतं, नुसत्या जबाबावर नाव काढता येत नाही, हा मुद्दा वकील मांडणार आहेत. आईनं त्यांना आधीच बजावून ठेवलंय, "बाकी सगळं तुम्ही बोला. अंगठ्याचं मी बोलणार."

तुमची कायमची आभारी,
एका सही करणाऱ्या बाईची लेक