लसावि आणि लसाअ

खानापूर, जि. बेळगाव

चि. बाळास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आईनं दोनदा वाचलं, मी चारदा. विभागीय गणित स्पर्धेत एका प्रश्नानं हरलात याचं वाईट वाटलंच. पण जास्त लागलं ते तुझं एक वाक्य, ‘उत्तर येत होतं, पण मी गप्प बसले.’

84 आणि 126 चा लसाअ विचारला होता, म्हणजे कन्नडातला आपला लसावि: दोन्हींनी पूर्ण भाग जाणारी लहानात लहान संख्या. मैत्रिणीनं घाईत सरळ गुणाकार करून 10,584 लिहिलं. दोन्ही संख्यांत 42 सामाईक, तो दोनदा धरला गेला. एकदा भागून टाकला की 252. हे तू मनातल्या मनात केलंस. मग वाटलं, आपण मराठी शाळेत लसावि शिकलो, कन्नडातला लसाअ निराळा असला तर? सगळ्या हसतील म्हणून बोलली नाहीस.

बाळा, ही भीती मला माहीत आहे. मी 22 वर्षांचा असताना आपल्या खालच्या तुकड्याची मोजणी झाली. टेपचं टोक मीच धरलं होतं. एक बाजू 132 फूट, दुसरी 165. गुंठा म्हणजे 33 बाय 33, 1,089 चौरस फूट. चार पाचे वीस गुंठे, बरोबर अर्धा एकर. कागदावर 18 लिहिले. कागद कन्नडात, मला नीट वाचता येईना. वाटलं, काहीतरी वजा करायचा नियम असेल. सही करून मोकळा झालो. ते दोन गुंठे आजही शेजारच्या उसात आहेत. पाणी पाजायला गेलो की दिसतात.

तू संघ सोडते म्हणतेस. सोडू नको. कन्नड तुला वर्षभरात माझ्याहून चांगली येईल. तोवर चौघींनी मिळून एक कागद करा: लसावि–लसाअ, त्रिकोण–त्रिभुज, जे जे अडेल ते. वर्गमूळ तर दोन्हीकडे जवळजवळ तेच. त्या मुली हसणाऱ्या नाहीत गं. हरल्यावर एकीनं तुला पाणी आणून दिलं, हे तूच लिहिलंयस. तिच्याच शेजारी बसत जा.

शनिवारी सकाळच्या बसनं येतोय. आई तांदळाच्या भाकरी देणार आहे, चौघींना पुरतील एवढ्या. 10,584 कुठं चुकलं ते मैत्रिणीला सांगितलंस का, ते तेव्हा तुझ्या तोंडून ऐकायचं आहे.

तुझे बाबा