दहा तारखेच्या त्या पैशांबद्दल, ताई

आदरणीय ताई,
स. न.

संग्रहालयातल्या इंटर्नशिपच्या निरोपाच्या दिवशी बोलायचं ठरवलेलं सगळं घशातच राहिलं, म्हणून हे पत्र. उघड लिहितेय, कारण तुमच्यासारख्या जागेवर बसलेल्या आणखी कुणी ते वाचलं तर बरंच.

तुमच्या आधी दुसऱ्या एका संग्रहालयात माझी निवड झाली होती. "मानधन नाही, पण अनुभव मिळेल," म्हणाले. सुट्टीत मी आणि आई केळीच्या बागेत रोजाने जातो. दोन महिन्यांचा तो रोज बुडवायचा, वर पुण्यात खोलीचं भाडं भरायचं. एवढा महाग अनुभव आमच्या घराला झेपणारा नव्हता. बाबा काही बोलले नाहीत, मीच "नाही" असं कळवलं.

तुमच्याकडे महिन्याला 8000 होते. पण ते महिना भरल्यावर, आणि खोलीवाल्या काकूंना डिपॉझिट हवं पहिल्याच दिवशी! मी हे कुणाला सांगितलं नव्हतं. दुपारी नुसत्या चहावर भागवते, एवढ्यावरून तुम्ही ओळखलंत. अकाउंट्सवाल्यांशी भांडून निम्मं मानधन दहा तारखेलाच खात्यात टाकायला लावलंत. उसने दिले असतेत तर मी मिंधी राहिले असते. तुम्ही माझेच पैसे मला वेळेवर मिळवून दिलेत.

घरी फोन केला तर आजीचा पहिला प्रश्न, "खापरं धुवाना पैसा देतस?" देतात, आजी. आणि नुसती धुवायची नसतात. आधी पॅरालॉइड या पुसून काढता येणाऱ्या रेझिनचा पारदर्शक थर, तो वाळला की त्यावर शाईने बारीक नोंद क्रमांक, म्हणजे उद्या क्रमांक पुसावा लागला तरी खापराला शाई लागत नाही. माझा पहिला 7 तुम्ही तीनदा पुसायला लावलात. (तो 1 सारखाच दिसत होता, हे आता कबूल करते.)

पण खरी गंमत वेगळीच. सावळद्याला माझी मावशी दिलीय. लहानपणापासून तापीकाठच्या त्या गावात हुंदडले. त्याच गावाच्या नावाने चार हजार वर्षांपूर्वीची एक ताम्रपाषाण (तांबं आणि दगड दोन्हींची हत्यारं वापरणारी) संस्कृती ओळखतात, हे मला पुण्यात, तुमच्या टेबलाशी कळलं! प्रकाशाला आम्ही केदारेश्वराच्या दर्शनाला जातो. तिथे 1955 मध्ये पुरातत्त्वज्ञ बी. के. थापरांनी उत्खनन केलं होतं, हेही तुम्हीच सांगितलंत. इतिहास घेऊन तिसऱ्या वर्षाला आले तरी आमच्या तालुक्याचं नाव पुस्तकात कुठे दिसलं नव्हतं.

परवा मावशीकडे गेले होते. नदीच्या उतारावर काळ्या रेघांचं एक खापर दिसलं. पूर्वी खिशात घातलं असतं. या वेळी हात लावला नाही, जागेची नोंद केली आणि फोटो काढला. सोबत जोडलाय. आकार कळायला स्केल नव्हती, म्हणून शेजारी दहा रुपयांचं नाणं ठेवलंय. जुनं आहे का, तेवढं कळवा.

तुमची,
शहाद्याची इंटर्न